चूल, बंब आणि धुराडे: काजळी साचते कशी आणि काढायची कशी

खानदेशात गॅस सिलिंडर गावोगाव पोहोचला, तरी चूल काही घराबाहेर गेलेली नाही. कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे, वरण-बट्टीचे जेवण आणि थंडीतले अंघोळीचे पाणी ही कामे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आजही लाकडावर, पऱ्हाटीवर आणि गोवऱ्यांवर होतात. ज्या घरांनी चूल बंदिस्त करून तिला धुराडे बसवले, त्या घरांतील बाईमाणसाच्या डोळ्यांतले पाणी थांबले, हे चांगलेच झाले. मात्र धूर दिसेनासा झाला की धुराड्याकडे पाहणेही बंद होते. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या आणि २००२ साली थांबलेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातल्या कितीतरी चुलींचे असेच झाले. चुली बांधण्यावर जोर राहिला, निगा कोणी ठेवायची हे नीट ठरले नाही, आणि धुराडी तुंबल्यावर लोक पुन्हा उघड्या चुलीकडे वळले.

या लेखाचा विषय ती निगा आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो: धुराड्यात साचणारी काजळी म्हणजे जळायचे राहून गेलेले लाकूड आहे. म्हणून धुराड्याची काळजी चुलीच्या तोंडापाशी घ्यायला सुरुवात करावी लागते, आणि ब्रश हातात घेण्याची वेळ त्यानंतर येते.

लाकूड जळते म्हणजे काय होते

लाकूड चुलीत घातले की पहिल्यांदा त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. मग साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे विघटन होऊन त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडू लागतात, आणि आपण ज्याला जाळ म्हणतो तो बहुतांशी या वायूंचा असतो. वायू संपल्यावर जे उरते तो कोळसा; तो जाळाशिवाय, नुसता लाल होऊन जळतो. वायूंना पुरेशी उष्णता आणि पुरेशी हवा मिळाली, तर त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते, आणि धुराड्याच्या तोंडाशी धूर जवळजवळ दिसत नाही. दोहोंपैकी एकही कमी पडले, तर हेच वायू अर्धवट जळून धुराच्या रूपाने वर जातात. त्या धुरात डांबरासारखे चिकट थेंब असतात, कार्बनचे बारीक कण असतात आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो.

हा धूर वर चढताना पाइपाच्या भिंतीला लागतो. भिंतीचे तापमान १२० अंशांच्या खाली असेल, तर त्यातली वाफ आणि डांबर तिथेच थिजते व कार्बनचे कण त्याला चिकटतात. सुरुवातीचा थर भुसभुशीत, बोट लावले तरी निघणारा असतो. धूर ओलसर आणि थंड राहिला, तर पुढे काळ्या, चकचकीत, खपल्यांसारख्या थराची पाळी येते. आणि त्यावरही चूल तशीच धुमसत राहिली, तर शेवटी डांबर ओतल्यासारखा गुळगुळीत, कठीण थर तयार होतो. पहिला थर ब्रशाने निघतो, दुसऱ्याला जोर लागतो, तिसरा मात्र घरगुती साधनांनी निघत नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी, की हे तिन्ही थर म्हणजे इंधनच असते. एखाद्या दिवशी मोठा जाळ करून चूल पेटवली आणि जाळाचे टोक पाइपात शिरले, की ते इंधन पेट घेते. अशा आगीत पाइपाच्या आतले तापमान हजार अंशांच्या वर जाऊ शकते.

ओल्या लाकडाचा दोष नेमका कशात आहे, हे थोडा हिशेब केला की कळते. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते, तर सावलीत नीट वाळलेल्या लाकडात ते १५ ते २० टक्क्यांवर येते. समजा पाच किलो सरपणात ४० टक्के पाणी आहे. म्हणजे दोन किलो पाणी आणि तीन किलो कोरडे लाकूड. दोन किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ५.२ मेगाज्यूल उष्णता जाते, आणि तीन किलो कोरड्या लाकडातून साधारण ५५ मेगाज्यूल मिळते. म्हणजे वाया जाणारी उष्णता दहावा हिस्सासुद्धा नाही. खरे नुकसान दुसरीकडे होते: ही वाफ नेमकी जाळाच्या ठिकाणी तयार होत असल्यामुळे जाळाचे तापमान उतरते, वायू न जळता निसटतात, आणि तीच वाफ पुढे पाइपात पाणी होऊन काजळीला चिकटपणा देते. ओल्या लाकडाने स्वयंपाकाला उशीर होतो एवढेच आपण धरतो, पण त्याचे मोठे बिल धुराड्यात जमा होत असते.

सुदैवाने लाकूड वाळवण्याच्या बाबतीत खानदेशाइतकी सोयीची हवा क्वचितच कुठे असेल. बाभळीची किंवा कडुनिंबाची खोडे तोडून तशीच ठेवली तर साल ओलावा धरून ठेवते. तीच मनगटाएवढी फोडून, जमिनीपासून विटांवर उचलून, वारा खेळेल अशी रचून मार्च ते मे ठेवली, तर खडखडीत वाळतात. जूनच्या आधी मात्र ती छपराखाली गेली पाहिजेत. वाळलेल्या लाकडाच्या टोकांना भेगा पडतात, साल सैल होते, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज ठस्स असा बसका असतो. ज्यांना खात्री हवी असेल त्यांनी एक तुकडा खूण करून ठेवावा आणि दर आठवड्याला किराणा तोलायच्या काट्यावर तोलावा. वजन उतरायचे थांबले, म्हणजे तो आणखी वाळणार नाही.

पऱ्हाटीचे थोडे वेगळे आहे. कापूस संपल्यावर उपटलेली पऱ्हाटी खानदेशातल्या कितीतरी घरांचे वर्षाचे सरपण असते. भरिताची वांगी भाजायला तिच्यासारखे दुसरे काही नाही, हे मान्यच. पण ते काम उघड्यावर होते. बंदिस्त चुलीत तिचे दोन दोष पुढे येतात. काड्या बारीक असल्यामुळे त्या एकदम पेटून उंच जाळ करतात आणि जाळ थेट धुराड्यात शिरतो. शिवाय सुटलेल्या सालीचे आणि वाळक्या बोंडांचे हलके तुकडे ठिणग्या होऊन वर उडतात. म्हणून पऱ्हाटी पेटवणापुरती वापरावी, जाळ धरला की जाड लाकडावर यावे. आणि फक्त पऱ्हाटीच असेल, तर मूठभर काड्या थोड्या थोड्या वेळाने सारत राहाव्यात. चुलीचे तोंड काड्यांनी गच्च भरले, की आत जायला हवाच उरत नाही. तोंडाची वरची निदान एक-तृतीयांश जागा मोकळी दिसली पाहिजे. चुलीत जाळी असेल, तर तिच्या खालची राख रोज काढावी, कारण तिथून येणारी हवा निखाऱ्यांना लागते. (पऱ्हाटीच्या गंजीत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते, म्हणून ती शेताच्या बांधावर साठवू नये असे कृषी विभाग सांगतो; घराच्या भिंतीला टेकवून रचणेही तितकेच चुकीचे आहे, कारण धुराड्यातून उडालेली ठिणगी तिथेच पडते.)

पेटवण म्हणून जुन्या ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, पिशव्या, चपला किंवा टायरचे कापलेले पट्टे घालण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. प्लास्टिकची काजळी दाट आणि चिकट असते. पीव्हीसी जळाल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू तयार होतो, जो फुप्फुसांना तर घातक आहेच, पण पत्र्याचा पाइपही खाऊन टाकतो. फवारणीच्या औषधांचे खोके आणि रंग दिलेले लाकूड यांनाही चुलीत जागा नाही.

मे महिन्यात चूल का धुमसते

थंडीत चांगली ओढणारी चूल उन्हाळ्यात तोंडातून धूर टाकू लागली, की घरात पहिला संशय धुराडे तुंबल्याचा येतो. तो बरोबर असू शकतो, पण तुंबले नसतानाही असे होण्याचे कारण आहे. पाइपातला गरम धूर बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो. हलका धूर वर उठतो आणि त्याच्या जागी चुलीच्या तोंडातून नवी हवा ओढली जाते. ही ओढ दोन गोष्टींवर ठरते: पाइपाची उंची आणि आतबाहेरच्या तापमानातला फरक. तीन मीटर उंचीच्या पाइपात धूर सरासरी १५० अंशांचा आहे असे धरले, तर जानेवारीतल्या १० अंशांच्या पहाटे सुमारे १२ पास्कल ओढ मिळते. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना तोच पाइप, तोच जाळ, पण ओढ जेमतेम ८ पास्कल, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी. एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १० पास्कल असतो, एवढे सांगितले म्हणजे ही शक्ती मुळातच किती नाजूक आहे ते ध्यानात येईल.

इतक्या नाजूक ओढीवर काजळीचा परिणाम लगेच होतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात चहूबाजूंनी १० मिलिमीटरचा थर बसला, तर धुराची वाट ३६ टक्क्यांनी कमी होते. ७५ मिलिमीटरच्या पाइपात तेवढ्याच थराने ती जवळजवळ निम्मी होते. अखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, मांडे म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा जाळ, आणि तोही नेमका वर्षातल्या सर्वांत कमजोर ओढीच्या दिवसांत. म्हणून मोठी सफाई अखाजीच्या आधी उरकावी असे माझे मत आहे. दुसरी दिवाळीच्या आधी करावी, कारण पावसाळ्यात कमी वापरलेल्या धुराड्यात तोवर साळुंकीचे किंवा गांधीलमाशीचे घर झालेले असू शकते.

उन्हाळ्यातल्या जोराच्या वाऱ्याचाही हात असतोच. पाइपाचे टोक जवळच्या भिंतीपेक्षा, टाकीपेक्षा किंवा शेजारच्या मजल्यापेक्षा खाली असेल, तर वारा त्या अडथळ्यावरून खाली गडगडतो आणि धूर परत पाइपात ढकलतो. यावर एक सर्वमान्य ठोकताळा आहे: पाइप छतातून जिथे बाहेर पडतो तिथून तो किमान तीन फूट वर असावा, आणि दहा फुटांच्या परिसरात असलेल्या कोणत्याही वस्तूपेक्षा किमान दोन फूट उंच असावा. टोकावर टोपी हवी, म्हणजे पाऊस आत जाणार नाही. काजळीत पाणी मिसळले की आम्लधर्मी चिखल होतो आणि पत्रा दोन-चार पावसाळ्यांतच सडतो. टोपीखाली सुमारे अर्ध्या इंचाच्या छिद्रांची जाळी लावली, तर मोठ्या ठिणग्या अडतात. त्याहून बारीक जाळी लावू नये. ती काजळीने महिन्याभरात बुजते.

धाबे, कूड आणि घरात ठेवलेला कापूस

धाब्याच्या घरात तुळया आणि कड्यांवर फळ्या किंवा काटक्या अंथरून वर मातीचा जाड थर दिलेला असतो. वरची माती पेटत नाही, त्यामुळे असे छत सुरक्षित वाटते. पण पाइप ज्या भोकातून वर काढलेला असतो, त्या भोकाच्या कडेला बहुतेक वेळा एखादी कडी किंवा काटक्यांची टोके पाइपाला जवळजवळ चिकटलेली आढळतात. वर्षानुवर्षे तापत राहिलेले लाकूड हळूहळू आतून कोळपते आणि नव्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकते. वीस वर्षे काही झाले नाही, हा युक्तिवाद इथे उलटा पडतो. साध्या एकेरी पत्र्याच्या पाइपापासून लाकूड, बांबू किंवा कापड किमान दीड फूट लांब असावे. छतात तेवढी जागा सोडणे शक्य नसेल, तर भोक मोठे करून लाकूड मागे कापावे, कापलेल्या कडीला गवंडी किंवा सुताराकडून बाजूने आधार द्यावा आणि मधला भाग वीट-मातीने भरून घ्यावा. नुसता पत्र्याचा तुकडा गुंडाळून हे काम भागत नाही, कारण पत्रा स्वतःच तापतो.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागातल्या कुडाच्या भिंतींच्या घरांत हा प्रश्न आणखी कठीण आहे. तिथे भिंत, छप्पर आणि सरपण ही तिन्ही पेटणारी. अशा घरात धुराडे भिंतीतून काढण्यापेक्षा चूलच एका बाजूला, वीट किंवा दगड-मातीच्या आडभिंतीला लावून बांधणे शहाणपणाचे ठरते. पाइप आडवा नेण्याचा मोह टाळावा. आडव्या तुकड्यात धूर रेंगाळतो आणि काजळी तिथेच बसते. वळण द्यावेच लागले तर ते काटकोनात न देता तिरके द्यावे आणि वळणाशी काढता येईल असे झाकण ठेवावे.

आता कापसाविषयी, कारण खानदेशातल्या घरांत याहून मोठा धोका मला दिसत नाही. भाव वाढेल या आशेने वेचलेला कापूस महिनोन्‌महिने घरातच, कधी माजघरात तर कधी चुलीच्या मागच्या खोलीत छतापर्यंत भरलेला असतो. त्याच खोलीतून धुराड्याचा पाइप गेलेला असेल, तर एखाद्या सैल सांध्यातून निघालेली ठिणगी पुरेशी आहे. कापसाची आग वरून विझलेली दिसते, पण ढिगाच्या आत ती जाळाशिवाय तासन्‌तास धुमसत राहते आणि हवा लागताच पुन्हा उसळते. ज्या खोलीत चूल आहे किंवा ज्या खोलीतून पाइप जातो, तिथे कापूस ठेवूच नये. जागेची अडचण खरी आहे, हे कबूल. पण निवड करायचीच झाली तर कापूस असेपर्यंत ती चूल बंद ठेवून अंगणातली वापरावी.

सफाई

काजळीचा थर तीन मिलिमीटर झाला की सफाई करायची, हे प्रमाण जगभर मानले जाते. तीन मिलिमीटर म्हणजे साधारण दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी जाडी. रोज दोन वेळ पेटणाऱ्या चुलीचे अरुंद धुराडे महिन्यातून एकदा तरी तपासावे. खालचे झाकण उघडून आत आरसा तिरका धरावा आणि त्यावर मोबाइलची बॅटरी टाकावी. पाइप मोकळा असेल तर वर आकाशाचा गोल तुकडा दिसतो. तो गोल वाकडातिकडा किंवा लहान दिसला, की ब्रश काढावा.

चूल आदल्या रात्रीपासून पूर्ण थंड असली पाहिजे. राख आधी काढून घ्यावी, चुलीचे तोंड आणि वैल (चुलीला जोडलेली बाजूची छोटी चूल) ओल्या गोणपाटाने बंद करावे, आणि पाण्याचे माठ व पीठ-मिठाचे डबे झाकून ठेवावेत. नाकातोंडावर नुसता रुमाल पुरत नाही. बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा, अंगभर कपडे घालावेत आणि नंतर साबणाने अंघोळ करावी. यात अतिरेक वाटत असेल तर एवढेच सांगतो, की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना व माणसांना पुढे काजळीमुळे त्वचेचा कर्करोग होतो, हे लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच नोंदवले होते.

वर चढायच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, महावितरणच्या खांबावरून घरात येणारी वायर धुराड्याच्या किती जवळून जाते. जवळून जात असेल तर लोखंडी सळई वर नेऊ नये, बांबूची कोरडी कामटी वापरावी आणि काम खालूनच करावे. दोन, छप्पर सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर त्यावर पाय ठेवूच नये. ते पत्रे न सांगता तुटतात.

धाब्यावरून काम करणे सोपे असते. टोपी काढावी, पाइपाच्या व्यासापेक्षा किंचित मोठा तारेचा ब्रश दोरीला बांधावा, त्याखाली एखादे वजन लटकवावे आणि ब्रश वरखाली ओढत खालपर्यंत न्यावा. खालून करायचे असेल, तर लवचीक कामटीच्या टोकाला नारळाचा काथ्या घट्ट बांधून तेच काम होते. काट्याकुट्यांची फांदी पाइपात घालून ओढण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण तिचे तुकडे वळणात अडकतात आणि तिथे नवा बांध तयार होतो. पाइप ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असेल, आणि जुन्या सुधारित चुलींना असे पाइप बरेच लागलेले आहेत, तर तो कोरडा खरवडू नये. त्याचे तंतू श्वासातून गेल्यास फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. अशा पाइपात पाणी मारून ओल्या गोणपाटाचा बोळा फिरवावा, आणि जमेल तेव्हा पाइप न फोडता, अखंड उतरवून बदलून घ्यावा. हे पाइप प्रखर आगीत तडकून फुटतात, हेही बदलण्याचे एक कारण आहे.

पडलेली काजळी खालून काढली, की पाइपाची तपासणी करावी. पत्र्याच्या पाइपावर बोटाच्या पेराने वरपासून खालपर्यंत ठोकत यावे. जिथे टणटणीत आवाज जाऊन भरड, मेलेला आवाज येतो, तिथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे, कारण तिथला पत्रा बहुधा गंजून कागदाइतका पातळ झालेला असतो. सांध्याशी वरचा पाइप खालच्या पाइपाच्या आत बसलेला असावा. पुष्कळ ठिकाणी पावसाच्या पन्हाळीचा विचार डोक्यात ठेवून तो उलटा, बाहेरून बसवतात, आणि मग पाइपात ओघळणारे डांबर सांध्यातून भिंतीवर उतरते. भिंतीवर काळपट-तपकिरी ओघळ दिसले तर समजावे, की सांधा उलटा आहे आणि लाकूडही ओले जाते आहे. शेवटी चुलीत छोटा जाळ करून प्रत्येक सांध्याजवळ पेटती अगरबत्ती धरावी. ओढ चांगली असेल आणि सांधा फुटका असेल, तर अगरबत्तीचा धूर वर जायचे सोडून त्या फटीत शिरताना स्पष्ट दिसतो. ती फट थंड झाल्यावर बुजवावी.

मातीच्या चुलीला रोज पोतेरे देण्याच्या जुन्या रिवाजात हीच दुरुस्ती आपोआप होत असे. फक्त त्यासाठी नुसती काळी माती वापरू नये. खानदेशातली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते; तिच्यात पांढरी माती किंवा विटेचा भुगा, शेण आणि गव्हाचा बारीक भुसा मिसळला तर लेप टिकतो. चूल आणि पाइप जिथे जुळतात तो कोपरा सारवताना बहुधा हाताखालून सुटतो, आणि भेग नेमकी तिथेच पडते.

राखेबद्दल थोडे. वरून थंडगार दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारे तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहू शकतात. ती प्लास्टिकच्या घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकली आणि दुपारी वारा सुटला, तर वाळलेले शेण आणि पाचोळा पेटायला वेळ लागत नाही. झाकणाचा पत्र्याचा डबा घरापासून दूर, उघड्या जमिनीवर ठेवावा आणि त्यात राख चार दिवस राहू द्यावी. भांड्यांना किंवा भाजीच्या वाफ्याला ती मग न्यावी.

बंब

तांब्याचा बंब हीदेखील धुराड्याची चूलच आहे, पण तिला कोणी तसे मानत नाही. त्याच्या मधल्या नळीत बंबफोड जळते, भोवती पाणी तापते आणि धूर नळीच्या वरच्या तोंडातून थेट मोकळ्या हवेत, नाहीतर न्हाणीघरात जातो. नळीच्या आत काजळी बसली की पाणी तापायला उशीर होतो, कारण काजळी उष्णता अडवते; तेव्हा दर आठ-पंधरा दिवसांनी थंड बंबाच्या नळीतून काथ्याचा बोळा फिरवावा आणि खालच्या जाळीची भोके मोकळी करावीत. पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नये. कोरडा तापला की झाळलेले सांधे सुटतात.

मात्र बंबाची खरी भीती वेगळी आहे. जानेवारीच्या गारठ्यात न्हाणीघराचे दार-खिडकी बंद करून, आत निखारे फुललेले असताना अंघोळ केली, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. धूर दिसत नसतो, म्हणून भीती वाटत नाही. लाल निखाऱ्यांतून दिसणारा धूर जवळजवळ नसतोच, पण हा वायू निघत असतो. डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे, पायांतले बळ जाणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे वाटू लागले तर जेवण बाधल्याचा विचार मागे ठेवून सर्वांनी आधी बाहेर मोकळ्यावर यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बंब अंगणात किंवा ओसरीवर पेटवावा आणि तापलेले पाणी बादलीने आत न्यावे. थंडीत शेगडीत निखारे घेऊन बंद खोलीत झोपण्यालाही हाच नियम लागू आहे. चुलीच्या धुराड्याला झडप असेल, तर निखारे पूर्ण विझेपर्यंत ती पूर्ण बंद करू नये, हेही त्याच कारणाने.

धुराडे पेटले तर

पाइपातून घरघर असा खोल, वाढत जाणारा आवाज, लाल होऊ लागलेला पत्रा आणि टोकातून बाहेर येणारा जाळ किंवा ठिणग्यांचा झोत ही धुराडे पेटल्याची खूण आहे. घरातल्या सर्वांना, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना, आधी बाहेर काढावे आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे. जवळ जाणे सुरक्षित असेल तरच चुलीतल्या जाळावर कोरडी माती किंवा राख टाकावी आणि चुलीचे तोंड व वैल विटा, माती, ओले गोणपाट यांनी बंद करावे, म्हणजे खालून जाणारी हवा तुटेल. तापलेल्या पाइपात वरून किंवा खालून पाणी ओतू नये. त्याची क्षणात वाफ होऊन ती अंगावर येते आणि पाइप किंवा वीटकाम फुटते. बाहेरच्या बाजूला, पऱ्हाटीच्या गंजीवर आणि शेजारच्या गोठ्याच्या छपरावर मात्र पाणी मारत राहावे. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, शाई किंवा हळद न लावता ती वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावी, आणि मग दवाखाना गाठावा.

आवाज थांबला म्हणजे आग संपली असे नसते. छताच्या भोकाजवळच्या कड्या, काटक्या आणि त्यांवरची माती पुढचे काही तास पुन्हा पुन्हा हाताने चाचपून पाहावी. मातीखाली लाकूड धुमसत असेल तर वरचा भाग गार होण्याऐवजी तापत जातो. एकदा पेटून गेलेला पत्र्याचा पाइप वाकडा झालेला नसला तरी त्याचा जस्ताचा मुलामा गेलेला असतो आणि सांधे सैल झालेले असतात, त्यामुळे तो बदलावा. विटांचे धुराडे असेल तर गवंड्याला आतून-बाहेरून भेगा दाखवून, दरजा भरून आणि अगरबत्तीची परीक्षा पुन्हा घेऊनच त्यात जाळ करावा.